युरोपच्या बाजूने सात मिनिटे

मस्कतच्या अल् खुवैर भागातल्या आमच्या ऑफिसात जेवायला वेगळी खोली नव्हती. नकाशे ठेवायच्या खोलीत एक लांब टेबल होते. त्यावरच्या नकाशांच्या गुंडाळ्या मी रोज साडेबाराला बाजूला सरकवायचो आणि तेवढ्या मोकळ्या जागेत तीन माणसे जेवायला बसायची: एक अमेरिकन, एक बेल्जियन आणि मी. माझ्या शिक्षणाचा मोठा भाग त्या टेबलावर झाला असे म्हटले तर आमच्या कॉलेजातल्या प्राध्यापकांना वाईट वाटेल, पण ते खरे आहे. बी.ए.ला माझा विषय इतिहास होता. आधुनिक युरोपचा एक अख्खा पेपर मी गाइडवरून पाठ करून पास झालो होतो. त्या गाइडातला युरोप आणि त्याच्या पलीकडची अमेरिका एके दिवशी आपापला डबा घेऊन माझ्यासमोर येऊन बसतील, असे मला आटपाडीत कोणी सांगितले असते तर मी हसून सोडून दिले असते.

आमच्या घरात दहावीच्या पुढे गेलेला मी पहिला. वडील शिंपी. शाळेच्या गणवेशाच्या खाकी चड्ड्या शिवून त्यांनी मला पदवीपर्यंत नेले आणि त्यावर वर्षभराचा कॉम्प्युटरचा कोर्सही करू दिला. त्या कोर्सच्या जोरावर मस्कतच्या एका सल्लागार कंपनीत मला डॉक्युमेंट कंट्रोलरची नोकरी लागली. कुठल्या इमारतीचा कितवा नकाशा कोणाकडे गेला, कोणी तपासला, कोणी सही न करताच दाबून ठेवला, याचा हिशेब माझ्याकडे असे. काम साधे होते, पण त्यामुळे ऑफिसातल्या प्रत्येकाच्या टेबलाशी जायला मिळे, आणि मला माणसांच्या टेबलाशी जायला फार आवडे. अजूनही आवडते. बायको म्हणते, तुम्हाला बँकेत पाठवले की मॅनेजरचे कूळ-मूळ घेऊन परत येता, चेकबुक मात्र राहते.

अमेरिकनाचे नाव वॉल्टर. साठीला टेकलेला, ओहायोचा, बांधकामावरच्या सुरक्षिततेचा प्रमुख. माझे नाव महादेव, पण पहिल्याच दिवशी त्याने माझे मॅडी करून टाकले, पाठीवर थाप मारली आणि तासाभरात मला त्याची दोन लग्ने, एक घटस्फोट आणि गुडघ्याचे ऑपरेशन हे सगळे कळले. बेल्जियनाचे नाव यूस्ट. तो स्ट्रक्चरल इंजिनियर, काटकुळा, चष्मा नेहमी कपाळावर. त्याने मात्र माझे नाव मला तीनदा उच्चारायला लावले, कागदावर लिहून घेतले, आणि तेव्हापासून शेवटपर्यंत ‘मिस्टर महादेव’ असे पूर्ण, शुद्ध नाव घेतले. त्याला बायको आहे हे कळायला मला आठ महिने लागले. दोघांचाही मी सारखाच ऋणी आहे. एकाने मला ओळख नसताना आपले म्हटले आणि दुसऱ्याने ओळख होईपर्यंत माझा मान ठेवला. यातले श्रेष्ठ काय, हे मला आजही ठरवता येत नाही, आणि त्या वर्षी तर मला ते स्टेजवर उभे राहून सात मिनिटांत ठरवायचे होते.

वॉल्टर एका हाताने सँडविच खात खात दुसऱ्या हाताने ई-मेल लिहायचा. यूस्ट घरून ताट, काटा, सुरी आणि कापडी रुमाल आणायचा. साधा उकडलेला बटाटा असला तरी तो कापून खायचा. वॉल्टर म्हणायचा, हा बटाट्याचे पोस्टमॉर्टेम करतो. यूस्ट म्हणायचा, हा जेवत नाही, टाकी भरून घेतो. मग कुठूनतरी इतिहास निघायचा. वॉल्टरच्या गावात दीडशे वर्षांची एक लाकडी गिरणी होती, ती गावाने म्युझियम म्हणून जपली होती. ते ऐकून यूस्ट म्हणाला, माझ्या चुलत्याचा गोठा याहून जुना आहे, त्यात अजून गायी बांधतात. वॉल्टर म्हणाला, म्हणूनच आमचे लोक तुम्हाला सोडून बोटीत बसले, गोठ्याला कंटाळून. आमच्या ऑफिसचा सलीम, सरकारी कामे करणारा ओमानी माणूस, कधीमधी खजुराचा डबा घेऊन दारात उभा राहून हे ऐकायचा. एकदा तो म्हणाला, “आमच्या किल्ल्यांत पोर्तुगीज राहून गेले, गेले ते गेले. तुम्ही दोघेपण खजूर खा, भांडा, इन्शाल्ला तुम्हीपण जाल.” दोघांनीही खजूर घेतले.

भांडण रंगायचे ते मात्र हिंसेवर. यूस्ट म्हणायचा, ज्या देशात किराणा आणायला जाताना माणूस कमरेला पिस्तूल लावतो त्याला देश म्हणायचे की छावणी. वॉल्टर म्हणायचा, तुम्ही शहाणे झालात हे खरे, पण दोनदा सगळ्या खंडाची कत्तल करून दमलात म्हणून झालात. यावर यूस्ट चिडायचा नाही, याचे मला फार नवल वाटे. तो शांतपणे सांगायचा की त्याच्या आजोबांच्या शेतात नांगर फिरला की पहिल्या महायुद्धातले तोफगोळे वर येत. न फुटलेले. आजोबा ते उचलून बांधाशी, विजेच्या खांबाच्या बुडाला ठेवत, आणि लष्कराची गाडी येऊन ते घेऊन जाई, जशी आपल्याकडे दुधाची गाडी येते. आमच्याकडच्या शेतांत नांगराला फार तर खापरे लागत. मी एका संध्याकाळी आमच्या राहायच्या रूमवर हे सांगितले तर कोणाचा विश्वास बसेना. एकदा मात्र वॉल्टरने काँगो काढले, बेल्जियमच्या राजाच्या राज्यात रबरासाठी माणसांचे हात कसे तोडले ते काढले, आणि मग यूस्टने काटा-सुरी नीट जोडून ठेवली आणि दोन दिवस टेबलावर कोणी बोलले नाही. तिसऱ्या दिवशी यूस्टच म्हणाला, “आमच्या शाळेत हे शिकवले नव्हते.” वॉल्टर म्हणाला की आमच्याही शाळेत आमचे बरेच काही शिकवले नव्हते. मग दोघे माझ्याकडे बघू लागले. कुणाचेतरी राज्य सोसलेल्या देशाचा मी एकटाच तिथे होतो, आणि माझ्या तोंडात त्या वेळी चपाती होती.

राहायला मी ऑफिसपासून जवळच, एका जुन्या इमारतीत, पाच जणांच्या फ्लॅटमध्ये होतो. मस्कतच्या मराठी मंडळातल्या कुटुंबवाल्या लोकांच्या भाषेत आम्ही ‘रूमवाले’. आमच्या रूमचे कर्ते पुरुष सावंतभाऊ, कुडाळकडचे, एसी दुरुस्त करणारे. मी वाचतो म्हणून त्यांनी मला मास्तर नाव ठेवले होते. शुक्रवारी ते मत्रहच्या मासळी बाजारातून सुरमई आणत. तिला इथे कनद म्हणतात, पण भाऊंनी ते नाव कधी घेतले नाही, त्यांच्या मते मासा आपला होता आणि पोहत चुकून इकडे आला होता. खोबरे वाटण्याचा मिक्सरचा आवाज, खिडकीतल्या एसीची घरघर, खालच्या मलयाळी चहावाल्याला गाडीतूनच बोलावणारे हॉर्न, आणि या सगळ्यावर भाऊंचा मुंबईतल्या घरी फोनवर चाललेला आवाज, हा आमचा शुक्रवार. माशाच्या आमटीतल्या तिरफळाचा वास आजही आला की मला त्या स्वयंपाकघरातली स्टीलची परात दिसते.

मंडळाचे कार्यक्रम मस्कतच्या कुरुम भागात होत. आम्ही रूमवाले तिथे जायचो ते बहुतेक खुर्च्या लावायला, स्पीकर उचलायला आणि पंगतीत वाढायला. यात कोणी आमचा अपमान करत नसे, हे मुद्दाम सांगतो. लोक प्रेमाने वागत, डबे भरून देत. फक्त स्टेजवर कधी कोणी आम्हाला बोलावले नव्हते आणि आम्हालाही ते कधी सुचले नव्हते. त्या वर्षी सांस्कृतिक कामे बघणाऱ्या करंदीकर वहिनींनी वादविवाद स्पर्धा जाहीर केली. विषय होता, ‘अमेरिकेपेक्षा युरोप अधिक सुसंस्कृत आहे’. पहिल्या येणाऱ्याला पावसाळ्यात सलालाहला तिथल्या मराठी लोकांपुढे बोलायला नेणार होते. सलालाह, जिथे ओमानमध्ये असूनही धुके पडते आणि नारळाच्या बागा आहेत. सावंतभाऊंनी मला न विचारता माझे नाव देऊन टाकले. वहिनींना म्हणाले, “आमचो मास्तर बी.ए. आसा, इतिहासात.” वहिनी म्हणाल्या, अरे वा, द्या की. झाले.

चिठ्ठ्या काढल्या त्या संध्याकाळी करंदीकरांच्या हॉलमध्ये आम्ही सहा स्पर्धक जमलो. मला ‘युरोप’ आला. माझ्या शेजारी लिमये म्हणून बँकेतले गृहस्थ होते. त्यांनी मागच्याच सुट्टीत अकरा दिवसांत युरोपचे सात देश पाहिले होते, आणि त्यांना ‘अमेरिका’ आली. त्यांचा चेहरा उतरला. ते मला बाजूला घेऊन म्हणाले, “अहो शिंदे, बदलू या का? माझ्याकडे फोटो आहेत. तुम्हाला काय, दोन्ही सारखंच.” ते मनाने चांगले होते, आणि म्हणाले तेही खरेच होते, मला दोन्ही सारखेच होते. पण वहिनींनी ऐकले. “चिठ्ठी म्हणजे चिठ्ठी, लिमये. तुम्ही युरोपात रांगेत उभं राहून जेवलात तेवढंच सांगा, अमेरिका आपोआप जिंकेल.” त्यांची मुलगी ईशा, सातवीतली, मधेच विचारत होती, “आई, सुसंस्कृत मीन्स वॉट? लाइक, वेल-बिहेव्ड?” मी म्हटले, जवळपास. ती म्हणाली, ओके, मग लिमये काका जिंकतील, ते कधीच ओरडत नाहीत.

मला वक्तृत्व शिकवले होते आटपाडीच्या शाळेतल्या माने सरांनी. जिल्ह्यात त्यांची मुले ढाली आणायची. त्यांची पद्धत ठरलेली. भाषण रेघी वहीत शब्द न् शब्द लिहायचे, उभे राहून पाठ करायचे, कुठे हात वर न्यायचा तिथे बाण काढायचा. आणि शेवटच्या मिनिटाला काळजाला हात घालणारे एक उदाहरण ठेवायचे. सर म्हणायचे, पहिली सहा मिनिटे परीक्षकांच्या डोक्यासाठी, सातवे मिनिट त्यांच्या रुमालासाठी. सैनिकाची आई, विहिरीत पडलेले बाळ, फी न भरलेली मुलगी, अशी उदाहरणे आमच्या शाळेत पिढ्यान्‌पिढ्या फिरत होती. ती कोणाची, खरी की खोटी, हे आम्ही कधी विचारले नाही. आज माझ्या लेकीच्या शाळेतही स्पर्धा होतात आणि ती लॅपटॉपवर मुद्दे काढते. तिच्या भाषणात कोणी रडत नाही. मला ते आधी रुक्ष वाटायचे, आता नाही वाटत.

सहा मिनिटांचे सामान मला जेवणाच्या टेबलावरच मिळाले. सातव्या मिनिटाचे मिळत नव्हते. ते मिळाले मस्कतबाहेर, बरका गावाच्या रस्त्यावर. तिथल्या साइटवर वॉल्टर मला नकाशे घेऊन गाडीतून नेत होता. रेडिओवर अमेरिकेतल्या कुठल्यातरी दुकानातल्या गोळीबाराची बातमी लागली आणि त्याने रेडिओ बंद केला. मग समोर बघतच त्याने सांगितले. त्याचा धाकटा भाऊ एकोणीस वर्षांचा असताना पेट्रोल पंपावरच्या दुकानात गल्ल्यावर बसायचा. एक जण पिस्तूल घेऊन आला. भावाने गल्ला उघडून सगळे दिले, हात वर केले, तरी त्याने गोळी घातली. मारणारा त्याच्याच शाळेतला मुलगा निघाला. आई त्यानंतर तीस वर्षे त्या पंपावर गेली नाही, दहा मैल लांब जाऊन पेट्रोल भरायची. “आणि माझ्या घरी अजून दोन बंदुका आहेत, मॅडी,” तो म्हणाला. “का आहेत ते मला विचारू नकोस. मीच स्वतःला विचारत नाही.” मग साइटचे फाटक दिसू लागले तेव्हा म्हणाला, “यूस्टला हे मी सांगितलेले नाही. सांगितले तर तो माझ्याशी भांडायचे बंद करेल. तो दयाळू माणूस आहे, मग त्याला भांडणे जमणार नाही. आणि तो भांडला नाही तर मला इथे करमायचे नाही.”

मी हो म्हटले. खरोखर मनापासून म्हटले. आणि त्याच संध्याकाळी रूमवर येऊन रेघी वहीत सातवे मिनिट लिहून काढले.

मी इतका निर्लज्ज कसा झालो, याचा पुढे मी पुष्कळ विचार केला. मला त्यात काही वाईट दिसलेच नाही, हे खरे उत्तर आहे. भाषण मराठीत होते. ऑफिस आणि मंडळ ही दोन जगे होती, मध्ये भिंत होती, आणि ती भिंत म्हणजे मराठी. आपण परदेशात लिफ्टमध्ये शेजारच्या माणसाच्या टकलाविषयी बिनधास्त बोलतो ना, तसेच ते. शिवाय उदाहरण इतके नेमके होते की माने सरांनी डोक्यावर घेतले असते. मी ते रूमवर म्हणून दाखवले. ‘एकोणीस वर्षे’ म्हणताना आवाज खाली आणायचा, ‘हात वर केले’ म्हणताना स्वतःचे हात वर न्यायचे, मग दोन सेकंद गप्प राहायचे. सावंतभाऊ कांदा चिरत होते, पण डोळे पुसले ते कांद्यामुळे नव्हे. म्हणाले, “मास्तरा, ह्या सांगलंस तर पयलो नंबर आपलो. सलालाहचा तिकीट काढून ठेव.” पुढच्या आठवड्यात त्यांनी माझ्या वाट्याची भांडी घासली. रूममधले सगळे स्पर्धेच्या दिवशी इस्त्रीचे शर्ट घालून पहिल्या रांगांच्या मागेच, खुर्च्या अडवून बसणार होते. खुर्च्या लावायला नाही, ऐकायला.

एक गोष्ट माझ्या हातून आणखी झाली. जेवताना मी बोलून गेलो की शुक्रवारी माझे भाषण आहे आणि विषय असा असा आहे. दोघे एकदम म्हणाले की आम्हाला यायला हवे. यूस्ट म्हणाला, माझ्या खंडाची अब्रू मिस्टर महादेवांच्या हातात आहे. मी म्हटले, तुम्हाला एक अक्षर कळणार नाही. वॉल्टर म्हणाला, जेवण आहे ना? जेवण होते. मला त्यात धोका दिसला नाही, उलट दोन पाहुणे आणले म्हणून मंडळात माझे वजन वाढेल असेच वाटले.

वजन वाढलेही. करंदीकर वहिनींनी दोघांना पहिल्या रांगेत बसवले, गुलाबपाणी शिंपडले, यूस्टला पेढा दिला तो त्याने रुमालावर ठेवून कापून खाल्ला. लिमये माझ्या आधी बोलले. अमेरिकेच्या बाजूने बोलताना ते पुनःपुन्हा युरोपातच जात होते, पॅरिसमध्ये त्यांचा खिसा कसा कापला गेला हे त्यांनी अमेरिकेच्या सुसंस्कृतपणाचा पुरावा म्हणून सांगितले, आणि सभागृह खळखळून हसले. सभागृह हसून थांबले, आणि मग एकटा वॉल्टर हसला. नंतर यूस्ट. मी स्टेजच्या बाजूच्या खुर्चीवर होतो. मला वाटले, लोक हसले म्हणून हसत असतील. पुढचा विनोद झाला. सभागृह हसले, आणि चार-पाच सेकंदांनी वॉल्टर मांडीवर हात मारून हसला. तेव्हा मी नीट पाहिले. दोघांच्या मधे ईशा बसली होती. लिमयांचे वाक्य झाले की ती एकदा डावीकडे आणि एकदा उजवीकडे मान वळवून, तोंडावर हाताचा पंजा धरून, इंग्रजीत सांगत होती. वहिनींनी तिला कामाला लावले होते. पाहुण्यांना कंटाळा येऊ नये म्हणून.

माझे नाव पुकारले गेले. रूमच्या रांगेतून मोठी टाळी पडली. पहिली सहा मिनिटे माझ्या पाठांतराने मला वाहून नेले. माझ्या तोंडातून दवाखाने, ग्रंथालये, नांगराला लागणारे तोफगोळे आणि त्यातून आलेले शहाणपण असे सगळे क्रमाने येत होते, बाण काढले होते तिथे हात वर जात होता, आणि मनात एकच चालले होते की सातवे मिनिट येते आहे. ज्याची पाठांतराची सवय आहे त्याला कळेल, अशा भाषणात मधली पायरी गाळता येत नाही. एक गाळली की पुढचा सगळा जिनाच कोसळतो. सहा मिनिटांची पहिली घंटा झाली, आणि माझ्या तोंडाने आपोआप म्हटले, “मित्रहो, एक तरुण होता. वय वर्षे एकोणीस. अमेरिकेतल्या एका पेट्रोल पंपावर…” आवाज खाली आला. ठरल्याप्रमाणे, अगदी सुंदर खाली आला. ईशाने डावीकडे मान वळवली. मी वॉल्टरकडे पाहिले. तो रागावला नव्हता. त्याने फक्त पाय जवळ घेतले आणि हात मांडीवर ठेवले, दवाखान्यात नाव पुकारायची वाट बघणारा माणूस बसतो तसे. ईशा उजवीकडे, यूस्टकडे वळली.

मी थांबलो. दोन सेकंद थांबायचे होते त्याऐवजी किती थांबलो ते मला माहीत नाही. मागून सावंतभाऊ दबक्या आवाजात सांगत होते, “पेट्रोल पंप, मास्तरा, पेट्रोल पंप.” त्यांना वाटले मी विसरलो. मग मी म्हणालो, “ही गोष्ट माझी नाही. ज्याची आहे त्याने ती मला विश्वासाने सांगितली. मी ती इथे नंबर मिळवण्यासाठी सांगणार होतो. ती मी सांगत नाही. मला माफ करा.” सभागृहात कोणालाच काही कळले नाही. माझ्याकडे पाऊण मिनिट उरले होते आणि जिना कोसळला होता, म्हणून जे हाताला लागले ते बोललो. मी म्हणालो की मी युरोप पाहिला नाही, अमेरिका पाहिली नाही. आमची गल्ली पाहिली आहे. मी अकरावीत असताना आमच्या दारासमोर नळाच्या पाण्यावरून एका भावाने दुसऱ्या भावाचे डोके पहारीने फोडले, आणि आमच्या घराने आतून कडी लावून घेतली. दुसऱ्या दिवशी मारणाऱ्याची बायको वडिलांकडे पोरीचा फ्रॉक उसवायला घेऊन आली, आणि आम्ही फ्रॉकविषयीच बोललो. “त्यामुळे सुसंस्कृत कोण, हे मला नक्की सांगता येणार नाही,” असे म्हणून मी खाली उतरलो. दुसरी घंटा मी चालत असताना वाजली.

सहा जणांत माझा सहावा नंबर आला. परीक्षकांनी प्रेमाने सांगितले की आवाज उत्तम, सुरुवात उत्तम, पण विषयांतर झाले आणि शेवटी वक्त्याने स्वतःचीच बाजू सोडली. लिमये पहिले आले, त्यांनी मला मिठी मारली आणि चिठ्ठ्या बदलल्या नाहीत ते बरे झाले असे कानात सांगितले. वॉल्टर आणि यूस्ट मला भेटले, श्रीखंड-पुरी जेवले, हात हलवून गेले. गाडीत रूमवाले दाटीवाटीने बसले होते. इस्त्रीचे शर्ट पाहून मला मेल्याहून मेल्यासारखे झाले. रूमवर येताच सावंतभाऊंनी मासे तळायला घेतले. मी त्यांना सगळे खरे सांगितले. त्यांनी ऐकून घेतले, सगळ्यांत मोठी तुकडी माझ्या ताटात टाकली आणि म्हणाले, “त्या पोराचा सांगूचा नाय तर नाय, बरोबर केलंस. पण दुसरा कायतरी रडवणारा हाताशी ठेवूचा होता, मास्तरा. माका विचारलं असतंस तर धा दिली असती.”

ओमानची शुक्रवार-शनिवारची सुट्टी संपून रविवारी ऑफिस उघडले तेव्हा मी ठरवले होते की आज टेबलाशी जायचे नाही, नकाशांचे निमित्त करून साइटवर जायचे. पण साडेबाराला वॉल्टरच नकाशे सरकवत होता. तीन खुर्च्या होत्या. मी बसलो. त्याने सँडविच बाजूला ठेवले, लॅपटॉप मिटला, आणि यूस्टला म्हणाला, “शुक्रवारी मॅडी सांगता सांगता थांबला, ती गोष्ट माझी आहे. त्याचे इंग्रजी बरे आहे, पण मीच सांगतो.” आणि त्याने सांगितली. गाडीत सांगितली होती त्याहून भरभर, पंप, गल्ला, हात, शाळेतला मुलगा, आई, दहा मैल. माझ्याकडे त्याने एकदाही पाहिले नाही. यूस्टने चष्मा कपाळावरून काढून टेबलावर ठेवला. मी मनात म्हणत होतो की आता हा सांत्वनाचे काहीतरी बोलेल, वॉल्टर मान हलवेल, आणि उद्यापासून या टेबलावर तिघे जण पाऊसपाण्याच्या गप्पा मारत जेवतील.

यूस्टने विचारले, “नाव काय होते त्याचे?”

“रॉय,” वॉल्टर म्हणाला.

मी तो मुलगा वहीत दीड पान लिहिला होता, पंधरा वेळा उभे राहून म्हटला होता, त्याच्यासाठी माझे हात वर नेले होते, सावंतभाऊंना रडवले होते. त्याचे नाव मी विचारलेच नव्हते. मला त्याची गरजच पडली नव्हती.

“कसा होता?” यूस्टने विचारले.

वॉल्टर विचार करू लागला, आणि मग त्याच्या तोंडाचा एक कोपरा हलला. म्हणाला, ओहायोतला सगळ्यांत वाईट ड्रायव्हर. एकदा तळ्यावरचे बर्फ पुरेसे जाड आहे का हे बघायला त्याने वडिलांचा ट्रक तळ्यावर घातला. एप्रिलमध्ये.

“एप्रिलमध्ये?” यूस्ट म्हणाला.

“एप्रिलमध्ये. आणि वडिलांना म्हणाला, आता नक्की कळले.”

यूस्ट आधी तोंडावर रुमाल धरून हसला, मग रुमाल सोडून हसला. म्हणाला, अशा माणसाच्या हाती ट्रक देणाऱ्या देशाविषयी मी काय बोलू. वॉल्टर म्हणाला, बोल, बोल, तुझ्या चुलत्याच्या गोठ्यात तर बैलसुद्धा लायसन्स काढून फिरत असतील. मी धीर करून विचारले की बुडालेल्या ट्रकचे पुढे काय झाले. वॉल्टरने प्रथमच माझ्याकडे पाहिले आणि खुर्ची माझ्या बाजूला ओढून घेऊन सांगायला लागला, कारण त्यासाठी टेबलावर तळे, किनारा आणि वडील कुठे उभे होते ते मांडून दाखवावे लागणार होते. माझ्या डब्याचे झाकण तळे झाले. ट्रकची गोष्ट संपली, तर शेजाऱ्याच्या बकऱ्यांची निघाली, मग शाळेच्या घंटेची. दीड वाजला, सलीम दोनदा दारात डोकावून गेला, नकाशे मागायला लोक येऊन उभे राहिले, आणि मी त्यांना हाताने थांबा म्हटले. रॉयचे अजून संपले नव्हते.